तेरावा आणि चौदावा दिवा

सोमवार, ३ मार्च

ही वही पीएचडीने दिली. मुद्दाम माझ्या खुर्चीपर्यंत चालत आला, दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरतात तशी. म्हणाला, "दिव्यांचं काही वेगळं दिसलं तर यात लिहून ठेवत जा. बोलायलाच पाहिजे असं काही नाही." आणि हसला. हसण्यासारखं काय होतं? मी नववीत शाळा सोडली म्हणजे मला लिहिता येत नाही असं वाटतं की काय त्याला. लिहिता येतं मला. चार माणसांत बोलवत नाही, एवढंच.

तर लिहिते. दिव्यांचं नाही, माणसांचं. दिवे बरे आहेत बिचारे.

मला धरून शेडमध्ये आम्ही सात जण. मोठे साहेब, ज्यांना आपण जगाचं भलं करतोय असं वाटतं. पीएचडी, ज्याला आपण साहेबांपेक्षा हुशार आहोत असं वाटतं. स्टोअरवाला, ज्याला काहीच वाटत नाही. चुंबक सांभाळणारे दोघे, ते फक्त एकमेकांशी बोलतात. मिस्त्री, म्हणजे माझा मामा, आईचा भाऊ. आणि मी. शाळा सोडून दोन वर्षं घरात भिंतीला टेकून बसले होते, तेव्हा मामाने इथे चिकटवली.

काम काय, तर वीज बनवायची, पण फिरणारं काही न ठेवता. चाक नाही, पंखा नाही, पट्टा नाही. डिझेल आणि ऑक्सिजन जाळायचा आणि जाळ इतका तापवायचा की त्या जाळातूनच वीज वाहायला लागते, तारेतून वाहते तशी. नुसत्या जाळाला ते जमत नाही म्हणून त्यात पोटॅशची पावडर सोडायची. मग तो जाळ दोन मोठ्या चुंबकांमधून पळवायचा. पळता पळता वीज बाजूच्या भिंतींकडे ढकलली जाते आणि भिंतीतले तांब्याचे ठोकळे ती उचलतात. त्या जाळाला साहेब प्लाझ्मा म्हणतात. म्हणताना डोळे मिटतात.

आणि त्या चुंबकाला वीज लागते ती? ती बाहेरून घेतो. आपण बनवतो तिच्या सातपट. हे विचारायचं नसतं. मी तर विचारणारच नाही, पण बोलणारे पण विचारत नाहीत.

जाळ जिच्यातून पळतो त्या नळीला चॅनेल म्हणतात. माझ्या उंचीएवढी, आडवी. दोन्ही भिंतींत चोवीस चोवीस ठोकळे, प्रत्येकाच्या पोटातून गार पाणी फिरतं, नाहीतर वितळतील. मामा त्यांना दात म्हणतो. दोन दातांमध्ये चिनीमातीसारखी पांढरी पट्टी असते, ती हिरडी. शेजारच्या दातांनी एकमेकांना शिवू नये म्हणून. त्यामुळे सगळे मामाला डेंटिस्ट म्हणतात, आणि मामाला ते आवडतं. समोरासमोरच्या दातांच्या प्रत्येक जोडीचा एक दिवा. चोवीस जोड्या, चोवीस दिवे, एका लाकडी बोर्डावर. फायरिंग, म्हणजे जाळ पेटलेला असताना मी त्या बोर्डासमोर बसायचं आणि दिवा गेला की कागदावर फुली मारायची. फायरिंग संपलं की दातांवरचा पांढरा थर कोरड्या ब्रशने घासायचा. झालं माझं काम. माकडाला एक केळं दिलं तर तेही करेल, आणि त्याच्या बोटांची सालं तरी जाणार नाहीत.

गुरुवार, ६ मार्च

आज फायरिंग झालं. चार मिनिटं दहा सेकंद. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच.

फायरिंगच्या वेळी कंट्रोल रूममध्ये साहेबांशिवाय कुणी बोलायचं नाही असा नियम आहे. साहेब मोठ्याने सेकंद मोजतात आणि थांबायचं असलं की "बंद" म्हणतात. मला हा नियम फार आवडतो. सगळे माझ्यासारखे होतात.

दिव्यांचं एक सांगायचं तर सगळे आपापले लुकलुकतात. बाजारात जशी माणसं बोलतात तशी, कुणाचा कुणाला पत्ता नाही. पण आज सातवा आणि आठवा मध्येच एकत्र मिटायला लागले. एकदम मिटणार, एकदम उघडणार. जुळ्या बहिणी कशा एका वेळी वळून बघतात तशा. आणि नंतर चॅनेल उघडलं तर आठव्या दाताचा कोपरा खाल्लेला. मागच्या महिन्यात सतरा-अठराचं असंच झालं होतं. त्याच्याआधी तीन-चारचं. म्हणजे जाळातली वीज समोरच्या दाताकडे जायचं सोडून शेजाऱ्याकडे उडी मारते. आळशी आहे. जवळचा रस्ता दिसला की लांबचं काम सोडते. इथल्या माणसांसारखी.

पीएचडीच्या कॉम्प्युटरवर हे दिसत नाही, कारण तो दर सेकंदाची सरासरी काढतो. लुकलुक सगळी सरासरीत मरते. सपाट रेघ बघतो आणि खूश होतो. संध्याकाळी माझ्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला. "तुला काही दिसलं का आज?" मी मान हलवली, नाही म्हणून. खरं सांगायचं तर मला बोलता आलंच नसतं. पण आलं असतं तरी सांगितलं नसतं. एवढा शिकलास ना? शोध की.

मंगळवार, ११ मार्च

आज मामा आणि स्टोअरवाला भांडले. चॅनेलच्या शेपटीला एक काचेची खिडकी आहे, तिथून बाहेर पडणारा जाळ दिसतो. मामा म्हणे, जाळ पिवळा आहे, पोटॅशचा जाळ जांभळा पाहिजे, तू पोटॅशमध्ये मीठ मिसळलेला स्वस्त माल आणलास.

"मीठ?" स्टोअरवाला म्हणाला. "डेंटिस्ट, चष्मा काढ आणि बघ. नाहीतर घाल तरी."

"मला शिकवू नकोस. चौदा वर्षं जाळ बघतोय मी."

"मग आता जरा दुसरं काहीतरी बघ."

मामाने ते अख्खं पोतं परत पाठवायला लावलं. मी गुपचूप खिडकीतून बघितलं होतं. जाळ चांगला जांभळा होता, साहेबांच्या नाकासारखा. पण मामाला हल्ली कुणाशी तरी भांडल्याशिवाय जेवण जात नाही. म्हातारपणी माणसं अशीच होत असतील तर मला म्हातारं व्हायचं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

सत्तावीस तारखेला पाहुणे येणार. आमचं काम पुढे चालू ठेवायचं की शेडला कुलूप घालायचं हे ते ठरवणार. दहा मिनिटं सलग फायरिंग करून दाखवायचं. आजपर्यंत सव्वापाच मिनिटांच्या पुढे गेलेलो नाही. साहेब म्हणाले, "आत्मविश्वास पाहिजे." आत्मविश्वासाने तांबं वितळायचं थांबतं हे मला शाळेत शिकवलं नव्हतं. दहावीत शिकवत असतील.

कुलूप लागलं तर मला कुणी विचारणार नाही, मी परत भिंतीला टेकेन. मामाचं अवघड आहे. या वयाचा डेंटिस्ट कोण ठेवतो?

त्याला काळजी असेल म्हणावं तर तो आळशी झालाय. दातांमधली फट मोजायला पातळ पात्यांचं गेज असतं, त्याच्यावर आकडे कोरलेले असतात. पूर्वी मामा स्वतः बघायचा. आता पातं फटीत घालतो आणि म्हणतो, "वाच गं भाचीबाई, किती ते." मी हातातलं काम टाकून यायचं आणि वाचायचं. कागदावरचंही मीच वाचायचं. परवा तर चहाच्या कपात साखर आहे का हे मला विचारलं. मिस्त्री हा, आणि डोळे माझे. उद्या घास पण मीच चावायचा.

बुधवार, १९ मार्च

पाच मिनिटं चाळीस सेकंद. नंतर साहेब "बंद" म्हणाले.

मामा शेडमध्ये पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी उभा असतो, कारण तो व्हॉल्व्ह हाताने फिरवावा लागतो. आम्ही सगळे जाड काचेच्या अलीकडे, तो एकटा पलीकडे. बंद झालं की त्याच्यासमोर लाल दिवा लागतो आणि त्याने लगेच मागच्या भिंतीआड जायचं असतं. आज लाल दिवा लागला आणि हा तसाच उभा. साहेबांनी शेडमध्ये ऐकू जाणाऱ्या माइकवरून "डेंटिस्ट, झालं!" म्हटलं तेव्हा हलला. चुंबकवाल्यांपैकी एक म्हणाला, "त्याला निरोप्या पाठवा पत्रिका घेऊन." सगळे हसले. मी पण हसले, आतल्या आत. गोगलगाय.

सोमवार, २४ मार्च

आज चॅनेलची जुळणी. दात नवे, हिरड्या नव्या, सगळं नव्याने बसवायचं. दुपारपासून शेडच्या कोपऱ्यात पोत्यावर बसलेय. पोटॅश भट्टीत वाळत ठेवलंय, ते सुकेपर्यंत मला काम नाही. म्हणून लिहितेय.

साहेबांनी आज भिंतीला रंग लावून घेतला. पाहुणे रंग बघून वीज मोजणार बहुतेक. पीएचडीने केस कापून घेतलेत, कान बाहेर आलेत, दोन्ही बाजूंना कान असलेल्या कपासारखा दिसतो. म्हणाला, "तुझी वही कशी चाललीय?" मी वही पाठीमागे लपवली. तर म्हणे, "नाही नाही, मला दाखवू नकोस, तयार झाली की सांग." तयार व्हायला काय भाकरी आहे?

मामा हाक मारतोय. "हिरडी बघ गं, तडा आहे का?" सकाळपासून ही अकरावी हाक. एक हिरडी हातात घेतो, बोट फिरवतो, आणि मग मला बोलावतो. प्रत्येक वेळी मी जाते, प्रत्येक वेळी हिरडी धड असते. नवी कोरी वस्तू, खोक्यातून काढलेली, तिला तडा कुठून येणार? स्वतः बघायला काय होतं? चौदा वर्षांचा अनुभव म्हणे.

इथूनच "ठीक आहे" म्हटलं. "नीट बघितलंस?" "हो रे बाबा." लावली त्याने.

साहेबांच्या भिंतीचा रंग कसला आहे ते लिहायचं राहिलं. उलटी झाल्यावर माणूस दिसतो तो.

मंगळवार, २५ मार्च

तालीम. तीस सेकंद. सगळे दिवे लागले. साहेबांनी बोर्डासमोर पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या आणि माझी खुर्ची कोपऱ्यात सरकवली, लाल बटणाच्या खाली. त्या बटणावर काच असते आणि शेजारी साखळीला हातोडी. आजवर कुणी फोडलेली नाही. काचेवर धूळ होती, ती पण मीच पुसली.

गुरुवार, २७ मार्च

आज लिहवत नाही. मामा बरा आहे.

शुक्रवार, २८ मार्च

काल सहा पाहुणे होते. पाच जण घड्याळात बघत होते आणि एक म्हाताऱ्या बाई कापडी पिशवी मांडीवर घेऊन झोपल्यासारख्या बसल्या होत्या. साहेबांनी भाषण केलं. फिरणारं काहीही नाही, म्हणाले, आणि दोन्ही हात गोल गोल फिरवले.

पाच मिनिटं बरी गेली. साडेपाच. सहा. चोवीसच्या चोवीस दिवे, सगळे आपापले बडबडतायत. मला, आता लिहायला लाज वाटते, पण मला जरा बरं वाटलं. वाटलं होईल.

सहा मिनिटं वीस सेकंदांना तेरावा आणि चौदावा एकत्र मिटले.

मी म्हटलं, एकदा होतं. परत मिटले. परत उघडले. जुळ्या बहिणी. पीएचडीकडे बघितलं, त्याची रेघ सपाट. साहेब मोजतायत, तीनशे पंच्याऐंशी, तीनशे शहाऐंशी, आवाजात लाडू फुटतायत. मला माहीत होतं काय चाललंय. त्या दोन दातांमध्ये जाळाची वीज रस्ता चुकून कोपरा खात होती, आणि कोपऱ्याच्या आत पाणी. तांबं संपलं की पाणी जाळात. पाणी जाळात गेलं की वाफ, आणि वाफेला बाहेर पडायला चॅनेलच्या सांध्याशिवाय जागा नाही, आणि सांध्यासमोर मामा.

तोंड उघडलं. आवाज आला नाही. नववीत उभी राहिले होते तशीच, धडा समोर, सगळा वर्ग खिदळतोय आणि मी तास संपेपर्यंत उघड्या तोंडाने उभी. तेच तोंड. मग हातोडी दिसली. काच फोडली आणि बटण दाबलं.

सगळं थांबलं. साहेब "कोण? कोण?" म्हणून ओरडले. पाहुणे उभे राहिले. शेडमध्ये लाल दिवा लागला.

आणि मामा तसाच उभा.

लाल दिवा त्याच्या नाकापासून चार हातांवर आणि हा त्याच्याकडे तोंड करून उभा, वाट बघत. कसली? आवाजाची. तेव्हा मला कळलं. सगळं एका दमात कळलं. गेजचे आकडे, पिवळा जाळ, कपातली साखर. अकरा हाका.

साहेबांचा माइक ओढला. त्यांच्या हाताला ओरखडा आला म्हणतात. मी ओरडले, "मामा, पळ! भिंतीआड!" तो आवाज माझा होता असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

मामा वळला आणि हात पुढे धरून भिंतीआड गेला. तो आड गेला आणि सांधा फुटला. पांढऱ्या वाफेचा खांब बरोबर व्हॉल्व्हवर. ती काच एवढी जाड, तरी थरथरली. व्हॉल्व्हचा रंग सोलून निघालाय.

मग त्या म्हाताऱ्या बाई साहेबांना म्हणाल्या, "ती मुलगी कोण?"

"ती? ती... आमच्याकडे दिव्यांच्या बोर्डवर असते."

"तुमच्या आधी तिला कळलं," बाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून शेड बघायला गेल्या. झोपलेल्या नव्हत्या तर.

रविवार, ३० मार्च

मामा घरी आला होता. आईसमोर हसत खिदळत बसला. आई भांडी घासायला उठली तशी मला हळूच म्हणाला, "उद्या चौकशी आहे. तेरा-चौदामधली हिरडी तडकलेली निघाली. तडा आतपर्यंत काळा आहे, म्हणजे बसवतानाच होता."

मला वाटलं आता विचारेल. नाही विचारलं.

"मी सांगणार, माझ्याकडून राहिलं. निष्काळजीपणा लिहितील. ओरडतील, दंड करतील, पण ठेवतील. तू काही बोलायचं नाहीस."

"मामा, तुला किती दिसतं?"

तो आईच्या भांड्यांकडे बघत बसला. बघत म्हणजे तिकडे तोंड करून. "धुकं आहे गं. दीड वर्ष झालं. निष्काळजी माणसाला एक संधी मिळते. आंधळ्या मिस्त्रीला कोण ठेवणार? तू फक्त गप्प बस. गप्प बसायला तुला काय शिकवायचं?"

तो गेल्यावर चोवीस तारखेचं पान काढून वाचलं. "इथूनच ठीक आहे म्हटलं." माझंच अक्षर. खाली भिंतीच्या रंगाची गंमत लिहिलीय. महिनाभर मी सगळ्यांच्या डोळ्यांवर लिहितेय, कोण काय बघत नाही. आणि जे एक काम मला बघायचं म्हणून दिलं होतं ते पोत्यावरून केलं.

सोमवार, ३१ मार्च

चौकशी. लांब टेबल. हिरडी मधोमध ठेवलेली, एखाद्या आरोपीसारखी. साहेबांच्या हाताला पट्टी, गरजेपेक्षा मोठी.

"जुळणी कुणी केली?"

"मी," मामा म्हणाला.

"हिरड्या तपासल्या?"

"तपासल्या. ही एक राहून गेली, साहेब. चुकलं माझं."

"राहून गेली! चौदा वर्षांनी राहून गेली!" साहेबांनी लिहायला घेतलं. मी समोर बसले होते, मला अक्षरं उलटी वाचता येतात. नि, ष्का, ळ.

मी म्हटलं, "मी बघितलं नव्हतं."

मामाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"काय?" साहेब.

"हिरडी. मामाने मला बघायला सांगितली होती. मी बसल्या जागेवरून ठीक आहे म्हटलं. लिहीत होते. जाऊन बघितलंच नाही."

आवाज फाटत होता. बारीक येत होता, मग एकदम मोठा. चुंबकवाले माझ्याकडे असे बघत होते की जणू खुर्ची बोलायला लागलीय. बघू देत. मला रडायला येत होतं, पण ते मी चार वाजेपर्यंत पुढे ढकललं.

"तू? तू कशाला बघशील?" साहेब म्हणाले. "तुझं काम दिव्यांचं. तपासणी डेंटिस्टची."

हेच. याच्याच पुढे मला जायचं नव्हतं, आणि मला माहीत होतं की विचारणार. मामाचा पाय माझ्या पायावरून उचलला गेला.

"मला दिसत नाही, साहेब," मामा म्हणाला. "मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. तिचे डोळे वापरत होतो, तिला न सांगता. पोरीला काय माहीत ती काय बघतेय ते. बघ म्हटलं की बघायची. एकदा नाही बघितलं. चूक तिची एक आणि माझी दीड वर्षाची."

नंतर जे झालं ते मला अजिबात आवडलं नाही. सगळे चांगले झाले. स्टोअरवाल्याने मामाला पाणी आणून दिलं. मामाने परत पाठवलेल्या पोत्याबद्दल एक शब्द नाही! साहेबांनी कागद फाडला. म्हणाले, "आधी का नाही बोललात हो? मोतीबिंदू आहे, फाशी नाही. महिन्याभरात होऊन या. पाहुण्यांनी तीन महिने दिलेत, पहिला महिना तसाही चॅनेल नाही." मग माझ्याकडे बोट करून, "आणि तू. काच फोडायच्या आधी पुढच्या वेळी तोंड फोड." माणूस चांगला निघाला की फार वैताग येतो. जे लिहून ठेवलेलं असतं ते सगळं वाया जातं.

जाताना मी पीएचडीला वहीतली दिव्यांची पानं फाडून दिली. त्याने तिथेच उभ्याने वाचली. मान वर केली तेव्हा चेहरा पडला होता.

"हे सहा तारखेचं आहे. त्याच संध्याकाळी मी तुला विचारलं होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही वही देताना हसला होतात."

"घाबरून हसलो. तू कुणाशी बोलत नाहीस. मला वाटलं माझ्यावर खेकसशील."

मी खेकसणार! मला घाबरतो म्हणे! मला इतकं हसू आलं की तिथून पळाले. घरी आल्यावर आठवलं, त्या पानांच्या पाठीमागे त्याच्या कानांबद्दल लिहिलेलं आहे.

बुधवार, ९ एप्रिल

मामाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. वीस मिनिटं. नर्सने थेंब घालायला बाटली उघडली तर याने डोळे घट्ट मिटले, वर हाताने झाकले.

आई म्हणाली, "अरे, इतकी वर्षं त्या भट्टीसमोर उभा राहतोस आणि एका थेंबाला भितोस?"

"भट्टी समोर असते, ताई. हे आत घालतात."

दीड वर्ष. वीस मिनिटांच्या कामासाठी या माणसाने दीड वर्ष धुक्यात दात बसवले, जाळाशी भांडण काढलं, चहात साखर आहे का विचारलं. घाबरट तो घाबरट. आमच्या घराण्यातच आहे. कुणी डॉक्टरला तोंड दाखवत नाही, कुणी माणसांना.

सोमवार, २१ एप्रिल

मामा शनिवारपासून कामावर येतोय. उजवा डोळा उघडा, काळा चष्मा, डावा पुढच्या महिन्यात. शनिवारी नुसता बर्नर लावून बघितला, चॅनेलशिवाय, अर्धा मिनिट. मामा शेपटीच्या खिडकीला डोळा लावून उभा. "अगं, हा तर जांभळा आहे!" मग अजून एकदा, हळू, "जांभळा आहे." आणि तिथून सरळ स्टोअरमध्ये गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. स्टोअरवाल्याचं ऐकू आलं. "मीठ म्हणे! मीठ!" ते पंधरा मिनिटं चाललं.

पीएचडीने सरासरी काढायचं बंद केलंय. आता त्याच्या पडद्यावर चोवीस रेघा नाचतात आणि कुठल्याही दोन जोडीने नाचायला लागल्या की कॉम्प्युटर शिट्टी मारतो. चॅनेल नसताना बोर्डाला नुसती वीज सोडून तालीम घेतली, तर शिट्टी माझ्यानंतर तीन सेकंदांनी वाजली. मी फक्त बघितलं त्याच्याकडे. त्याने कान झाकले.

आज जुळणी सुरू. मामाने ती जुनी हिरडी मागून घेतली, खिडकीपाशी नेली, चष्मा वर केला. तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाएवढा पण नाही, चांगला दोऱ्याएवढा. मी शेजारी उभी होते.

"हा?" मामा म्हणाला. "हा तर आंधळ्याला पण दिसला असता गं."

त्याने हिरडी माझ्या हातात दिली आणि नव्यांचं खोकं फोडायला गेला. ती मी खिशात ठेवलीय. जड आहे, खिसा ओढला जातो.

आता कोपऱ्यात पोत्यावर बसलेय. पोटॅश भट्टीत आहे. मामाने सकाळपासून सात हिरड्या लावल्या. प्रत्येक आधी स्वतः बघतो, उजेडात धरून, तिरकी करून, नव्या डोळ्याची मजा घेत. आणि मग तरी मला बोलावतो. मी म्हटलं, आता तर दिसतं ना तुला? तर म्हणे, "दिसतं. तरी तू बघ. माझा एक आणि तुझे दोन." चुंबकवाल्यांना हे पाठ झालंय, तेही तिकडून ओरडतात, "बघ गं मौनीबाई, बघ!" साहेबांनी भिंतीला दुसरा रंग लावायचं ठरवलंय. तो रंग मी बघून आलेय. तो कसला दिसतो ते लिहायलाच बसले होते, मस्त सुचलं होतं, म्हणजे

मामा हाक मारतोय. बघून येते.